बड्या संस्थांचा हात कुणाच्या डोक्यावर?

एखाद्या छोट्या कंपनीच्या शेअरचा भाव पळू लागला की एक वाक्य हमखास कानावर येते. ‘यात मोठे लोक आले आहेत.’ हे मोठे लोक कोण, कुणाचे पैसे घेऊन आले, किती दिवसांसाठी आले, याची चौकशी करण्याची गरज कुणालाच वाटत नाही. परदेशी फंड, विमा कंपनी, म्युच्युअल फंड यांपैकी एखादे नाव ऐकले की माणूस निर्धास्त होतो. एवढ्या मोठ्या संस्थेने पैसा लावला म्हणजे तिने पाहून-पारखूनच लावला असणार, अशी आपली समजूत. पूर्वी हे वाक्य दलालाच्या ऑफिसात ऐकू यायचे. आता ते मोबाईलवर येते आणि आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचले आहे. ज्या घरात एका पिढीपूर्वी पहिल्यांदा पगाराची नोकरी आली, रेल्वेत, महापालिकेत, बँकेत, शाळेत, त्या घरातला मुलगा आज डिमॅट खाते उघडून बसला आहे.

त्याने खाते उघडले यात आम्हाला काहीही वावगे वाटत नाही. शेअरबाजार ही विशिष्ट गल्लीतल्या विशिष्ट जातींची मिरास नव्हे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर, १९१७-१८ च्या सुमारास, बाबासाहेबांनी उपजीविकेसाठी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. धंदा जमू लागला होता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली. सल्ला चुकला म्हणून नव्हे, सल्लागाराची जात कळली म्हणून! कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाला ज्या बाजाराने दारातून परत पाठवले, त्याच बाजारात आज आमची मुले मोबाईलच्या पडद्यावरून शिरत आहेत. पडद्याला जात कळत नाही, ही चांगली गोष्ट. पण पडद्यामागे कोण बसले आहे हेही पडदा सांगत नाही, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

‘ओव्हर द काउंटर’ या शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. शेअरबाजाराच्या रिंगणात ओरडून होणारा सौदा एक, आणि दलालाच्या काउंटरवर समोरासमोर भाव ठरवून होणारा सौदा दुसरा. ज्या कंपन्या लहान असत, ज्यांना मोठ्या बाजाराच्या अटी झेपत नसत, त्यांचे शेअर काउंटरवर विकले जात. अमेरिकेत १९७१ साली नॅसडॅकने अशा काउंटरवरच्या भावांना संगणकाच्या जाळ्यात आणले. त्याच नमुन्यावर आपल्याकडे १९९० साली ‘ओव्हर द काउंटर एक्स्चेंज ऑफ इंडिया’ ही संस्था नोंदवली गेली आणि १९९२ साली मुंबईत तिचे व्यवहार सुरू झाले. तिला कुणी उभे केले? युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया, आयसीआयसीआय, आयडीबीआय, आयएफसीआय, आयुर्विमा महामंडळ, जनरल इन्शुरन्स, स्टेट बँकेची एसबीआय कॅपिटल मार्केट्स आणि कॅनबँक फायनान्शियल सर्व्हिसेस. म्हणजे त्या काळी देशात ज्यांना बड्या वित्तसंस्था म्हणत, त्या जवळपास सगळ्या! बड्यांनी छोट्यांच्या पाठीवर हात ठेवण्याचा स्वतंत्र भारतातला हा पहिला जाहीर प्रयोग होता. आज त्याचे नावही कुणाला आठवत नाही.

साल १९९२ होते, हेही विसरू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हर्षद मेहताचे प्रकरण उघडकीस आले होते. बँकांचा पैसा शेअरबाजारात कसा खेळवला गेला ते सारा देश पाहत होता. अशा वेळी रिंगण नसलेला, आरडाओरडा नसलेला, सगळे भाव संगणकावर दिसणारा बाजार सुरू होणे ही लहान गोष्ट नव्हती. मुंबईच्या मोठ्या शेअरबाजारात संगणक येण्यास १९९५ साल उजाडले.

या बाजाराची मूळ कल्पना आम्हाला आजही योग्य वाटते. तीस लाखांपासून पंचवीस कोटींपर्यंत भागभांडवल असलेल्या कंपनीला तिथे प्रवेश होता, पण ती स्वतःहून येऊ शकत नव्हती. तिला एक पुरस्कर्ता लागे. तो कुणी तरी वित्तसंस्था किंवा मर्चंट बँकर असे. प्रकल्प तपासायचा, तो चालेल अशी ग्वाही द्यायची आणि शेअर बाजारात आल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत रोज खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव जाहीर करायचे, ही त्याची जबाबदारी. म्हणजे ज्याने कंपनी चांगली म्हणून सांगितली, त्यानेच ती परत विकत घेण्याची तयारी ठेवायची. याहून पुढची सोय अशी की पुरस्कर्त्याने सारे शेअर आधी स्वतःच्या पैशाने कंपनीकडून घ्यायचे आणि मागाहून लोकांना विकायचे. बाजाराच्या भाषेत याला ‘बॉट-आउट’ सौदा म्हणत. छोट्या कारखानदाराला पैसा लगेच मिळे, आणि धोका आधी बड्याच्या माथी येई.

मग हे सारे बुडाले का?

कारण धोका खरोखरच माथी येऊ लागला. १९९४-९५ मध्ये शेअरविक्रीचा पूर आला तेव्हा जो तो मोठ्या बाजाराकडे धावला. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात शेअरचे व्यवहार सुरू झाले आणि संगणकाच्या पडद्याचे नावीन्य या छोट्या बाजाराकडे उरले नाही. बॉट-आउट सौद्यांत घेतलेले शेअर अनेक पुरस्कर्त्यांच्या गळ्यात राहिले. रोज दोन भाव द्यायचे तर घेणारा हवा, घेणारा नसेल तर भाव कागदावरच राहतो. सारे मिळून शंभराहून थोड्या अधिक कंपन्या या बाजारात नोंदल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांत दिवसचे दिवस सौदा होत नसे. वर्षाला हजार कोटींची उलाढाल नसलेल्या शेअरबाजारांनी गाशा गुंडाळावा असे धोरण सेबीने २०१२ साली आणले आणि २०१५ साली या बाजाराची मान्यता संपली. ज्यांनी तो उभा केला त्या बड्या संस्थांना त्याचे फारसे सुतक पडल्याचे दिसले नाही. त्याच काळात मोठ्या बाजारात पैसा गोळा करून पत्ता बदलून बसलेल्या दोनशेहून अधिक ‘गायब’ कंपन्यांची यादी सरकारला करावी लागली, हा भाग वेगळाच.

ज्या युनिट ट्रस्टने या बाजाराला बळ दिले, तिचे स्वतःचे काय झाले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यूएस-६४ ही तिची योजना म्हणजे निवृत्त शिक्षकाची, कारकुनाची, विधवेची ठेव. सुमारे दोन कोटी युनिटधारक. गावोगावच्या माणसाला शेअर म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण ‘युनिट’ ठाऊक होते. या पैशाचा काही भाग १९९९-२००० च्या तेजीत संगणक, दूरसंचार आणि करमणूक क्षेत्रांतल्या ‘के-१०’ म्हणून गाजलेल्या शेअरांत गेला. केतन पारेख यांच्या नावाने ओळखले जाणारे हे शेअर. लखनौच्या सायबरस्पेस इन्फोसिस या फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीचे सुमारे ३२ कोटी रुपयांचे शेअरही ट्रस्टने घेतले. त्या खरेदीच्या प्रकरणात ट्रस्टच्या तत्कालीन अध्यक्षांना जुलै २००१ मध्ये अटक झाली.

पण आमच्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. २ जुलै २००१ रोजी यूएस-६४ ची परतखरेदी बंद झाली. त्याआधीच्या एप्रिल-मे या दोन महिन्यांत चार हजार कोटींहून अधिक रक्कम या योजनेतून बाहेर पडली होती, आणि त्यातली बहुतेक बड्या कंपन्यांची होती. बडे धनी दाराने बाहेर पडले आणि मग दार लावले गेले! आत राहिला तो छोटा युनिटधारक. त्याला पुढे तीन हजार युनिटांपर्यंत दहा रुपये भावाने, महिन्याला दहा पैसे वाढ देत, पैसे परत घेण्याची सवलत मिळाली. तीही सरकारने हात दिला म्हणून. त्याच सुमारास अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेत ठेवी अडकलेल्या लहान सहकारी बँकांचे आणि ठेवीदारांचे जे हाल झाले ते गुजरातबाहेर कुणी फारसे मोजले नाहीत. त्या बँकेचा परवाना २०१२ साली रद्द झाला.

इथे एक मुद्दा ठामपणे मांडायला हवा. ‘संस्थात्मक गुंतवणूकदार’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काचेची इमारत येते. पण त्या इमारतीतला पैसा संस्थेचा नसतो. तो विम्याच्या हप्त्याचा असतो, भविष्य निर्वाह निधीचा असतो, दरमहा हजार रुपये कापून जाणाऱ्या एसआयपीचा असतो. विमा हा राज्याच्याच हाती असावा असे बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये मांडले, त्यामागे हा विचार होता की लोकांकडून थेंबाथेंबाने जमणारे हे भांडवल खासगी धन्याच्या हाती जाऊ नये आणि राज्याला उद्योगांसाठी वापरता यावे. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. तो पैसा नंतर कुठे कुठे लावला गेला याचा हिशेब मागण्याचा अधिकार हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. आम्ही तो मागायला शिकलो नाही, ही आमची उणीव.

आता परदेशी संस्थांकडे वळू. इथला प्रकार तर कादंबरीत शोभावा असा आहे. छोट्या भारतीय कंपन्यांना परदेशात पावत्यांच्या रूपाने शेअर विकता येतात, त्यांना जीडीआर म्हणतात. दोन हजारच्या दशकात अनेक लहान कंपन्यांनी लक्झेंबर्गमध्ये असे जीडीआर विकल्याचे जाहीर केले. मुंबईच्या बाजाराला कळवले गेले की आमची विक्री परदेशी गुंतवणूकदारांनी पूर्ण उचलली. ही बातमी आली की इथे भाव चढे. परदेशातला शहाणा पैसा आला म्हटल्यावर इथला भाबडा पैसा मागे राहतो कशाला?

सप्टेंबर २०११ मध्ये सेबीने अशा सात कंपन्यांविरुद्ध आदेश काढला. पुढच्या तपासांत आणि आदेशांत जे उघड झाले ते असे. अनेक विक्रींत परदेशी गुंतवणूकदार म्हणून कुणी समुदाय नव्हताच. संयुक्त अरब अमिरातीतील एकच संस्था सारे जीडीआर उचले. त्यासाठी तिने व्हिएन्नातल्या एका बँकेकडून कर्ज घेतलेले असे. आणि त्या कर्जाला तारण काय? तर जीडीआर विकून कंपनीला मिळालेले तेच पैसे! म्हणजे कंपनीने स्वतःच्याच पैशाच्या तारणावर दुसऱ्याला कर्ज मिळवून दिले आणि त्या कर्जातून त्याने कंपनीचे शेअर घेतले. कर्ज फिटेपर्यंत कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नसे. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवण्याचा हा खेळ, फक्त खिसे तीन देशांत शिवलेले. मग त्या पावत्यांचे शेअर करायचे, नोंदणीकृत परदेशी गुंतवणूकदाराच्या खात्यातून ते भारतात आणायचे आणि इथल्या बाजारात विकायचे. विकत घेणारे मात्र खरे होते. सांगली-अकोल्याचे, इंदूर-सुरतचे, स्वतःच्या घामाचा पैसा घालणारे.

जीडीआर परदेशात विकले, तेव्हा सेबीचा काय संबंध, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ साली न्यायालयाने तो फेटाळला आणि भारतीय गुंतवणूकदाराला झळ पोहोचत असेल तर सेबीला कारवाई करता येते असा निर्वाळा दिला. चांगला निकाल. पण जीडीआर विकले गेल्याला तोवर अनेक वर्षे उलटली होती, आणि त्या शेअरांचे भाव केव्हाच जमिनीला लागले होते.

आता कुणी म्हणेल, हे सारे लबाडांचे प्रकार झाले, प्रामाणिक संस्थांचे काय? बरोबर आहे. म्हणून लबाडी बाजूला ठेवून साधे गणित करू. समजा एका कंपनीचे एक कोटी शेअर आहेत. सत्तर लाख प्रवर्तकांकडे. उरलेल्या तीस लाखांतले बरेचसे अशा लोकांकडे की जे विकायलाच बसलेले नाहीत. रोज बाजारात प्रत्यक्ष विकले जातात दहा हजार. आता एका फंडाला पाच लाख शेअर हवे आहेत. रोज बाजारात आलेला प्रत्येक शेअर त्यानेच उचलला तरी पन्नास दिवस लागतील. एवढ्या खरेदीने भाव चढणारच. कंपनीच्या कारखान्यात एक जादा यंत्र बसलेले नसते, एक जादा ऑर्डर आलेली नसते, तरी भाव दुप्पट होतो. आणि गंमत अशी की भाव चढला की फंडाकडे आधी घेतलेल्या शेअरांचे मोलही वाढते. फंडाची कामगिरी उत्तम दिसते, म्हणून आणखी एसआयपी येतात, आणखी खरेदी होते. हत्ती डबक्यात उतरला की पाणी वर येते. पाणी वाढले असे नव्हे, हत्ती आत आहे म्हणून ते वर दिसते.

बाहेर पडताना हेच उलटे होते. पाच लाख शेअर विकायचे तर कुणीतरी घ्यायला हवे. दुसरा हत्ती त्याच डबक्यात येईलच असे नाही. मग उरतो तो मोबाईलवरचे वाक्य वाचून आलेला. मार्च २०२४ मध्ये म्युच्युअल फंडांना आपापल्या स्मॉल कॅप योजनांची ताणचाचणी जाहीर करावी लागली, म्हणजे अर्धी गुंतवणूक विकून पैसा हाती यायला किती दिवस लागतील ते सांगावे लागले. देशातल्या मोठ्या स्मॉल कॅप फंडांपैकी एकाने साठ दिवस सांगितले. हे रीतसर, नावाजलेल्या फंडाचे आणि मोठ्या बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे चित्र. त्याहून लहान कंपन्यांचे काय असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

शिवाय हत्तीच्या चालीची आगाऊ खबर विकणारे असतात ते वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने केतन पारेख आणि इतरांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. अमेरिकेतल्या एका बड्या फंडाचे सौदे होण्याआधी त्यांची माहिती मिळवून त्यावर कमाई केल्याचा त्यात आरोप आहे, आणि ६५ कोटींहून अधिक रक्कम जप्त करण्याचे निर्देश आहेत. २००१ चेच नाव, चोवीस वर्षांनी!

काउंटरचा बाजार मेला, पण त्याची गरज मेली नव्हती. मार्च २०१२ मध्ये मुंबई शेअरबाजाराने लघुउद्योगांसाठी ‘एसएमई’ मंच उघडला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराने ‘इमर्ज’. विक्रीनंतरचे भागभांडवल पंचवीस कोटींपर्यंत, तीन वर्षे बाजारनिर्माता सक्तीचा, विक्रीची पूर्ण हमी आणि त्यातला किमान पंधरा टक्के भार मर्चंट बँकरच्या स्वतःच्या खात्यावर. वाचताना जुन्याच संस्थेचा पुनर्जन्म वाटतो. फरक एवढाच की त्या वेळी पुरस्कर्त्याचे स्वतःचे पैसे अडकत, आता बहुतेक वेळा फक्त त्याची सही अडकते. माहितीपत्रक सेबी तपासत नाही, शेअरबाजारच तपासतो, आणि त्या बाजारालाही नोंदणीतून कमाई आहेच.

२०२४ हे वर्ष या मंचांच्या जत्रेचे. सुमारे २४० कंपन्यांनी साडेआठ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले. ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या दोन शोरूम आणि आठ कर्मचारी असलेल्या एका दुचाकी विक्रेत्या कंपनीने बारा कोटींचे शेअर विकायला काढले. मागणी आली चारशेपटींहून अधिक, साडेचार हजार कोटींच्या वर! शेअर बाजारात आला तो विक्रीच्याच भावाला. आठ माणसांच्या दुकानासाठी एवढा पैसा रांगेत उभा राहतो, तेव्हा तो दुकानासाठी नसतो, पहिल्या दिवशीच्या उडीसाठी असतो. त्याच जुलैपासून राष्ट्रीय शेअरबाजाराला ही पहिल्या दिवसाची उडी नव्वद टक्क्यांवर बांधून टाकावी लागली होती. यापुढची पायरी सप्टेंबरात दिसली. ट्रॅफिकसोल या कंपनीच्या सुमारे ४५ कोटींच्या विक्रीला तीनशेपटींहून अधिक मागणी आली. विक्रीच्या पैशातून ज्या पुरवठादाराकडून सॉफ्टवेअर घ्यायचे होते तो पुरवठादारच कागदी असल्याची तक्रार झाली, नोंदणी थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने पैसे परत करण्याचा आदेश दिला. लोकांचे पैसे वाचले. एक तक्रार वेळेवर झाली म्हणून वाचले.

या जत्रेत ‘क्यूआयबी’ नावाची पाटी फार चालते. क्यूआयबी म्हणजे पात्र संस्थात्मक खरेदीदार. ‘क्यूआयबीचा वाटा शंभरपट भरला’ अशी बातमी झळकते आणि वाचणाऱ्याला वाटते की आयुर्विमा महामंडळ आणि स्टेट बँक रांगेत उभी होती. प्रत्यक्षात या व्याख्येत बँका, विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंड जसे येतात, तसे परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदार येतात आणि पर्यायी गुंतवणूक निधीही येतात. असा निधी वीस कोटींच्या भांडवलावर उभा राहू शकतो आणि त्यात प्रत्येकी एक कोटी घालणारी मोजकी श्रीमंत माणसे असू शकतात. कायद्याने तीही संस्थाच! नियमात यात काही बेकायदा नाही. पण ‘संस्था’ या शब्दाने सामान्य माणसाच्या मनात जो विश्वास जागा होतो, तो विश्वास या निधीने कमावलेला नसतो. तो उसना असतो. आणि विक्रीच्या आदल्या दिवशी शेअर मिळणारे अँकर गुंतवणूकदार अर्धा माल तीस दिवसांनी आणि उरलेला नव्वद दिवसांनी विकायला मोकळे असतात. नांगर म्हणवणाऱ्याने तीन महिन्यांत उचलायचे असेल तर त्याला नांगर का म्हणावे?

डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने नियम कडक केले. मागच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान एक कोटीचा कामकाज नफा हवा, जुन्या भागधारकांनी विकायचा हिस्सा एकूण विक्रीच्या वीस टक्क्यांहून अधिक नको, विक्रीच्या पैशातून प्रवर्तकांचे कर्ज फेडायचे नाही. हे सारे योग्यच. त्याबरोबर किमान अर्जाची रक्कम लाखावरून दोन लाखांच्या वर नेली गेली. छोट्याला धोका आहे म्हणून छोट्याला दारातच अडवायचे, हा यामागचा विचार. आम्हाला तो अर्धाच पटतो. दिल्लीच्या त्या विक्रीत किमान अर्ज एक लाख चाळीस हजारांचा होता, तरी सामान्य गुंतवणूकदारांचा वाटा सर्वाधिक पटींनी भरला. लोक उसनवारी करून येतात. रक्कम दुप्पट केली तर उसनवारी दुप्पट होईल. आणि शेअर बाजारात आल्यावर, बड्यांच्या विक्रीच्या वेळी, त्याला दुसऱ्या दाराने आत घेतलेच जाते.

आता ज्या छोट्या उद्योजकाच्या नावाने हे सारे चालते, त्याच्याकडे पाहू. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी एक साहस भांडवल निधी आहे. फेब्रुवारी २०१४ च्या हंगामी अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, जानेवारी २०१५ मध्ये तो सुरू झाला आणि तो आयएफसीआयकडे सोपवला गेला. होय, १९९० साली काउंटरचा बाजार उभा करणाऱ्यांतलीच ती आयएफसीआय. सुरुवातीचे सरकारी भांडवल दोनशे कोटी, साऱ्या देशासाठी. दिल्लीच्या दोन शोरूमसाठी एका आठवड्यात रांगेत उभ्या राहिलेल्या पैशाच्या वीस भागांतला एक भागही नव्हे! बाजारातला रांगेतला पैसा आणि निधीतला पैसा यांची जात वेगळी असते हे आम्हाला कळते. तरीही प्रश्न उरतो. देशात धोका पत्करायला पैसा नाही असे नाही. तो धोका कुणासाठी पत्करायचा, हे आधीच ठरलेले आहे. आमच्या पोराने फौंड्रीचे, छपाईचे, सुट्या भागांचे वर्कशॉप काढले तर बँक त्याच्याकडे तारण मागते, जमिनीचा उतारा मागते. ज्यांच्या आजोबाला जमीन मिळू दिली नाही त्यांच्याकडे उतारा कुठून येणार?

म्हणून बड्या संस्थांनी छोट्या कंपन्यांकडे फिरकूच नये असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी यावे. पुरस्कर्ता म्हणून यावे, स्वतःचा पैसा तीन वर्षे अडकवून यावे आणि नावानिशी यावे. एसएमई विक्रीत क्यूआयबी म्हणून ज्यांनी अर्ज केला त्यांची वर्गवारी, विमा कंपनी किती, म्युच्युअल फंड किती, पर्यायी निधी किती, परदेशी किती, अर्जाच्या मुदतीतच मराठीसह देशी भाषांत जाहीर व्हावी. एक टक्क्याहून अधिक शेअर असलेल्या संस्थांची नावे भागधारकांच्या तक्त्यात द्यावी लागतातच. अर्ध्या टक्क्याहून मोठा सौदा त्याच दिवशी शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर येतो. ‘मोठे लोक आलेत’ असे सांगणाऱ्याला या दोन कागदांत ते नाव दाखवायला सांगावे. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपेल. आणि नाव दिसले, तर गेल्या तीन महिन्यांत त्याच नावाने विकले किती, तेही त्याच कागदांत पाहावे.

या बाजाराचे नियम बदलण्याचा जो मसुदा सेबीने काढला तो १९ नोव्हेंबर २०२४ चा होता. इंग्रजीत, जाड, लोकांच्या सूचना मागवणारा. मुदत ४ डिसेंबरची, म्हणजे पंधरा दिवसांची. दलालांच्या, मर्चंट बँकरांच्या संघटनांनी त्यावर काय म्हटले असेल ते सांगायला नको, त्यांचा तो धंदाच आहे. बँक कर्मचारी, विमा कर्मचारी, शिक्षक आणि रेल्वे यांतल्या आमच्या संघटनांमध्ये हिशेब जाणणारी माणसे आता थोडी नाहीत. पुढचा मसुदा येईल तेव्हा त्या पंधरा दिवसांत त्यांच्या लेटरहेडवरून किती सूचना जातात, हे आम्ही जरूर विचारणार आहोत.